घाबरू नये, सराव चालू आहे

३ फेब्रुवारी

भिंगरे,

हे पत्र तू फाडशील, नाहीतर तुझी मैत्रीण ते तुझ्या हातात पडायच्या आत कपाटावर भिरकावेल. भिरकावू दे. फोन तू उचलत नाहीस. दारात आले तर मैत्रीण सांगते, "ती झोपलीय." सकाळी अकरा वाजता! माणसाने झोपावं तरी किती? शेवटी पत्रावर आले. शाळेत निबंधाला मला नेहमी काठावर मार्क पडायचे हे तुला ठाऊक आहे, तेव्हा सांभाळून घे.

दोन गोष्टी कळवायच्या आहेत.

पहिली, कोर्टाची तारीख लागली. सव्वीस. मला साक्षीला बोलावलंय, आणि तुझ्या वकिलाने नाही, तुझ्या नवऱ्याच्या वकिलाने. तेव्हा पोलिसांपुढे मी जबाब दिला होता ना, की मला तुझा तो आवाज किंचाळण्याच्या सरावाचा वाटला, त्याच्यावर त्या लोकांची सगळी भिस्त आहे. तू सराव करताना जिन्यावरून पडलीस असं तुझा नवरा म्हणतो. गळ्यावरचे वळ कठड्याचे म्हणे.

दुसरी, तुझा सिनेमा पूर्ण झाला. तुझ्या जागी जी मुलगी घेतली ती दिसायला बरी आहे, पण किंचाळते म्हणजे कुकरची शिट्टी. आपल्या दिग्दर्शक पंतोजींनी कपाळाला हात लावला आणि मला डबिंगला बोलावलं. मी म्हटलं, विचार करून सांगते.

घसा कसा आहे? डॉक्टर म्हणाले होते, वर्षभरात आवाज परत येईल. सोळा महिने होत आले. तुझ्या मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, "बोलते ती, कुजबुजल्यासारखं." मग मी आणखी काही विचारलं नाही.

ताई

८ फेब्रुवारी

भिंगरे,

मागच्या पत्रात एक थाप मारली. "विचार करून सांगते" असं मी म्हटलं नव्हतं. पंतोजींचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणून बसले. नवा सिनेमा मिळाला की दिग्दर्शक मला बोलावतो, याची मला अजून हाव आहे. आता कोर्टासाठी खरं बोलायची सवय करायची म्हणते, तर लहान गोष्टीपासून सुरुवात केलेली बरी.

काल डबिंगला गेले. तीच बिनखिडकीची खोली, तोच उसवलेला गालिचा. पंतोजी नेहमीसारखे बोटं मोडत नियम सांगत होते. आठवतं? तू पहिल्यांदा त्यांच्याकडे कामाला गेलीस तेव्हा त्यांनी आपल्या दोघींना समोर बसवून पाढे म्हणावेत तसे म्हणून दाखवले होते. सगळे मरतात, शेवटी एक मुलगी उरते. ती कोण? जी पीत नाही. जी पोराबरोबर अंधारात जात नाही. जिचे केस बांधलेले असतात. दार लागलंय की नाही ते जी परत जाऊन बघते. आणि मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही तुझी ताई आहे ना, अशी." सगळे हसले. सर्वांत जास्त तू हसलीस. मी रागावल्याचं सोंग केलं, पण घरी येताना मी हवेत होते. इतक्या वर्षांत माझ्या नाकासमोर चालण्याचं कोणी कौतुक केलं नव्हतं.

आणि तू मरायचीस. एकदा पोहताना, एकदा मोटारीत, दोनदा कपडे बदलताना. जी मोठ्याने हसते, जिला मित्र आहे, ती आधी जाते, हा त्यांचा हिशेब. तोंड तुझं, आवाज माझा. सात सिनेमे आपण एकच मुलगी मिळून मेलो.

तुला कधी सांगितलं नाही, पण माझ्या कामाच्या कागदावर प्रत्येक मरणापुढे सेकंद लिहिलेले असतात. पुरुष मरतो तेव्हा दीड सेकंद. एक "हं", आणि आडवा. तो माणूस डबिंग करून बाहेर जाऊन चहा पितो. मुलीला चाळीस, पन्नास, एकदा तर तुला सत्तर सेकंद दिले होते. आधी दचकायचं, मग पळायचं, मग पडायचं, मग विनवायचं, मग कुठे मरायचं. मी एकदा पंतोजींना विचारलं की बाप्यांना इतकी घाई का. ते म्हणाले, "बाई, बाप्या रडताना बघायला कोण तिकीट काढणार?" मी हसले. मला पटलंसुद्धा.

काल पहिल्यांदा मी उरणाऱ्या मुलीला आवाज दिला. पहिला तासभर ती सगळ्यांसारखीच किंचाळते. शेवटी मात्र तिच्या हातात कुऱ्हाड येते आणि तिथून ती गप्प होते. माझं काम तिथे संपतं. पंतोजी म्हणाले, "आता प्रेक्षक टाळ्या वाजवतील." इतका वेळ हेच प्रेक्षक खून करत सुटलेल्या मुखवटेवाल्याच्या बाजूने शिट्ट्या मारत असतात, ते मी थिएटरात बसून ऐकलंय.

आपला मुखवटेवाला नट तुला विचारत होता. गरीब बिचारा, अजूनही प्रत्येक शॉटनंतर मुलींना "लागलं नाही ना?" विचारतो. म्हणाला, "तिला सांगा, मी आठवण काढली." सांगितलं.

ताई

१३ फेब्रुवारी

भिंगरे,

त्याच्या वकिलाने मला बोलावून घेतलं होतं. चकचकीत टेबल, पाणी विचारलं, कॉफी विचारली. मग एका प्लास्टिकच्या पाकिटातून तुझ्या दारावरचा तो कागद काढून समोर ठेवला. "हे अक्षर तुमचंच ना?"

माझंच. माझं अक्षर कोण विसरेल! कागद वाचायला त्याने माझ्याकडेच दिला.

"घाबरू नये. आतून किंचाळण्याचा आवाज आल्यास तो सिनेमाच्या कामाचा सराव आहे. शंका वाटल्यास खालील नंबरवर फोन करावा. पोलिसांना त्रास देऊ नये."

खाली माझा नंबर.

आवाज माझा असला तरी तोंड जुळावं म्हणून तूही घरी मोठ्याने किंचाळून सराव करायचीस. आपण दोन खोल्यांत राहत होतो तेव्हा तो आवाज ऐकून कोणीतरी पोलीस बोलावले होते, त्याची मला केवढी लाज वाटली होती! तू लोळून हसत होतीस आणि मी दोन शिपायांपुढे हात जोडून उभी. म्हणून तुझं लग्न होऊन तू त्याच्या घरी गेलीस तेव्हा मी पहिल्याच दिवशी तो कागद तुझ्या दारावर चिकटवला. एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली! समोरच्या खिडकीत शिवणकाम करणाऱ्या काकूंना वेगळी प्रत नेऊन दिली. तुझं स्वयंपाकघर आणि त्यांचं मशीन यांच्यामध्ये हातभर मोकळी जागा. त्यांना म्हटलं, "काकू, तुम्हालाच जास्त ऐकू येणार, घाबरू नका." त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई सांगितलंत, माझं काळीज भारी हलकं."

आणि तो नवरा तरी कोणी पसंत केला? मीच. सिनेमातली पोरं नकोत म्हणून मी हट्ट धरला. औषधाच्या दुकानात बसतो, गोड बोलतो, वेळेवर घरी येतो. तू म्हणालीस, "ताई, याच्याशी मला बोलायलाच काही सुचत नाही." मी म्हटलं, "संसार काय गप्पा मारायला असतो?" उचलली जीभ, लावली टाळ्याला. तुला मी माझ्या नियमात बसवत होते, भिंगरे. मला वाटायचं, केस बांधलेल्या बाईला काही होत नाही, आणि तुझे केस मी बांधले की झालं.

वकील म्हणाला, "तुम्हाला फक्त जबाबात आहे तेवढंच सांगायचंय. या धंद्यात तुमचा कान सर्वांत जाणता. तुम्हाला सराव वाटला म्हणजे सराव."

मी कॉफी घेतली नाही. पण मान डोलावून आले.

ताई

१८ फेब्रुवारी

भिंगरे,

चार दिवस एकच गोष्ट डोक्यात घोळतेय.

तू हॉस्पिटलात होतीस तेव्हा येईल तो म्हणत होता, काय धीराची मुलगी! गळा असा झालेला, मनगट मोडलेलं, आणि तरी फरफटत दारापर्यंत गेली, एका हाताने कडी काढली, जिन्यावर येऊन पडली. एकटीने सुटली. पंतोजी तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "हीच खरी शेवटची मुलगी." आणि मीही तिथे उभी राहून म्हटलं, हो, माझी बहीण आहे ती.

काल त्या सिनेमाचा शेवट पुन्हा बघितला. ती मुलगी कुऱ्हाड घेऊन उभी, एकटी, पहाट होतेय, वगैरे. आणि माझ्या मनात आलं की ही एकटी उरली म्हणजे काय, तर कोणी आलं नाही. कोणी येऊ नये म्हणून पंतोजी कथेत किती खटपट करतात! फोनची तार तोडतात, मोटार बंद पाडतात, शेजाऱ्यांना गावाला पाठवतात. तुझ्या वेळी यातलं काहीच करावं लागलं नाही. फोन चालू होता. शेजारी घरात होते. भर दुपार होती. माझा एक कागद पुरला.

आता फोनचं सांगते. पोलिसांना मी सांगितलं ते असं. दुपारी सव्वातीनला काकूंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "आज तुमची बहीण फार वेळ ओरडतेय, सरावच आहे ना?" मी म्हटलं, "हो काकू, आठवड्यावर शूटिंग आलंय." आणि फोन ठेवला. झालं.

हे खरं आहे. पण एवढंच नाही.

त्याच्या दोन दिवस आधी तू माझ्याकडे आली होतीस, ते मी पोलिसांना सांगितलं नाही. तू बाही वर करून दंड दाखवलास. म्हणालीस, "ताई, मी थोडे दिवस इथे राहू?" आणि मी काय म्हटलं ते तुला पाठ असेल. "आवाज माझा नको, घर मात्र माझं हवं!"

कारण त्याच आठवड्यात पंतोजींनी तुला उरणाऱ्या मुलीचं काम दिलं होतं, आणि वर म्हणाले होते, ही स्वतःच्याच आवाजात किंचाळेल. सात सिनेमे माझा घसा सोलून निघाला, आणि कानामागून आली ती तिखट झाली. ती जागा माझी होती असं मला वाटत होतं. पडद्यावर नव्हे गं, मी काय पडद्यावर दिसणार! पण जगात कुठेतरी ती माझी जागा होती. पंतोजींनी मला बोट दाखवून दिली होती. ती तू घेतलीस, आणि केस मोकळे सोडून घेतलीस.

तू बाही खाली केलीस आणि गेलीस. चहासुद्धा विचारला नाही मी.

ताई

२३ फेब्रुवारी

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. तीन दिवसांनी कोर्टात तुला परक्या माणसांच्या देखत कळण्यापेक्षा आधी माझ्याकडून कळावं, म्हणून आता जसं येईल तसं पाठवते.

काकूंनी नुसतं विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "थांबा, तुम्हीच ऐका," आणि फोन खिडकीबाहेर धरला.

मी डबिंगच्या खोलीबाहेर उभी होते. आत रेकॉर्डिस्ट थांबला होता. मी ऐकलं. सेकंद मोजायची खोड आहे, ती काही जात नाही. चाळीस सेकंद ऐकलं.

पहिल्या पाच-सहा सेकंदांत मला वाटलं, वा, पोरीला जमलं. हे मी खरं सांगते. त्यानंतर मला कळलं. सरावात आपण श्वास कुठे घ्यायचा ते आधी ठरवतो. तुझा श्वास कोणीतरी दुसराच थांबवत होता. वीस वर्षं मी हेच काम करते. मला कळलं नाही असं कोणी म्हणू नये.

आणि तू हाक मारलीस. "ताई." मग पुन्हा, "ताई गं."

सिनेमातल्या मुली हाक मारत नाहीत, भिंगरे. इतक्या मुली मी मारल्या, एकीने आईला किंवा बहिणीला हाक मारली नाही. कागदावर नुसतं "किंचाळते" असं लिहिलेलं असतं. हाक ही सरावात नव्हती. हाक खरी होती आणि ती मला होती.

काकूंनी फोन परत कानाला लावला आणि विचारलं, "सरावच ना?"

मी म्हटलं, "हो काकू."

का म्हटलं? सोळा महिने मी स्वतःला सांगतेय की गडबडले, घाबरले, सुचलं नाही. यातलं काहीही नाही. तुझी हाक ऐकून माझ्या मनात आलं, आता आठवली का ताई? थोडी अद्दल घडू दे, मग येईल रडत, मग घेईन जवळ. एवढंच आलं. एका क्षणापुरतंच आलं असेल, पण तेवढ्या क्षणात मी "हो काकू" म्हणून गेले, आणि मग ते परत घ्यायला माझी जीभ उचलली नाही.

फोन ठेवून मी आत गेले. दोन टेक राहिले होते, ते दिले. दोन्ही पसंत पडले.

सव्वीसला मी हे सगळं सांगणार आहे. त्याचा वकील मला फाडून खाईल, खाऊ दे. काम जाईल, जाऊ दे. तू माफ करावंस म्हणून हे लिहीत नाहीये. करूही नकोस. तू लहान असताना पडलीस की मी आधी एक धपाटा घालायची आणि मग उचलायची. तुला वाटायचं सगळ्या ताया अशाच असतात. नसतात गं.

२७ फेब्रुवारी

भिंगरे,

काल मी सांगितलं. तू तिसऱ्या बाकावर मैत्रिणीशेजारी बसली होतीस. केस कापलेस. मानेभोवती पातळ रुमाल होता. मी बोलत असताना तू एकदाही मान वर केली नाहीस.

त्याचा वकील म्हणाला, "आधीच्या जबाबात हे नाही. म्हणजे तेव्हा खोटं बोललात की आता?" मी म्हटलं, "तेव्हा." तो म्हणाला, "बहिणीचा जीव जात असताना तुम्ही कामाला गेलात यावर कोर्टाने विश्वास ठेवावा?" मी म्हटलं, "ठेवावा. रेकॉर्डिस्टकडे वेळ लिहिलेली आहे. तीन वाजून एकोणीस मिनिटं." तुझा नवरा पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होता. अजूनही दिसायला तो तसाच आहे, गोड. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून विचारलं, "तुम्हाला हे कबूल करायला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "कोणी नाही. उशीर झालाय." काकू मागच्या बाकावर रडत होत्या. त्यांना मी एवढंच म्हणू शकले की तुमची काही चूक नाही, तुम्ही विचारलं होतंत.

मग जिन्याजवळ तू थांबलीस. मैत्रिणीला पुढे पाठवलंस. मला वाटलं, आता थोबाडीत देशील. द्यावीस असं वाटत होतं.

तू काय बोललीस ते मी इथे लिहून ठेवते. तुझा आवाज इतका बारीक झालाय की मी अर्धं ओठांवरून वाचलं, आणि मला त्यातला शब्दही हरवायचा नाहीये.

तू म्हणालीस, "सगळी पत्रं वाचली."

मग म्हणालीस, "मी खाली पडले होते, काकूंना दिसत नव्हते. पण मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या दिसत होत्या. फोन बाहेर धरून उभ्या होत्या. दारावरच्या कागदावर नंबर कोणाचा आहे ते मला माहीत होतं. म्हणून तर तुला हाक मारली."

मी कठडा धरला. तुला विचारलं, "मग पोलिसांना सांगितलं का नाहीस? तुझ्या वकिलाला तरी? तुझी केस बुडत होती."

तू म्हणालीस, "तू सांगशील म्हणून वाट बघत होते."

पायऱ्या उतरताना तुझा हात मोडलेल्या मनगटामुळे कठड्यावर नीट बसत नव्हता. मी धरायला पुढे झाले. तू हात काढून घेतला नाहीस, पण थांबलीही नाहीस. तिसऱ्या पायरीवर तो आपोआप सुटला.

ताई